हसी ऐती

रस्ता रुंद करताना पाडलेला फणस
इनास फर्नांडिसनं ट्रॅक्टरवर घालून आणला.
दारात उतरवला तेव्हा बुंध्यातून
चीक गळतच होता.
म्हणाला, आठ दिवसांवर फिलूचं लग्न.
तिच्याहून थोरलं झाड हे.
एखादं वाडगं कर.

मी बोट टेकवलं. बोट चिकटलं.

गोकाकचे भरमाप्पा जीनगार असते
तर कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून
कान लावला असता त्यांनी,
आणि म्हणाले असते:
हसी ऐती. बिडु, ओणगली.
ओलं आहे. असू दे, वाळू दे.
पहिल्या दिवशी शिकायला गेले तेव्हा
त्यांचं हसी मला हसू वाटलं
आणि मी उगीचच हसले.
रागावले नाहीत.
पटाशी दिली हातात, धारेकडून नव्हे, मुठीकडून.

आठ दिवसांत फणस वाळत नाही, मी म्हटलं.
आठ दिवसांत पोरगी थांबत नाही, इनास म्हणाला.

मग बुंधा उभा चिरला,
गाभा काढून टाकला. तडा तिथूनच निघतो,
झाडाच्या पहिल्या वर्षातून.
खानापुरात वीज दोनपर्यंत.
लेथ धरला, पटाशी टेकवली,
आणि कुरकुर नाही, नुसती सळसळ,
लांब ओल्या फिती खांद्यावरून मागे.
लोकांना वाटतं या कामात भुसा उडतो.
मी भिजते.
पत्र्यावर, भिंतीवर, नवऱ्याच्या जुन्या शर्टावर
एकच उभी पिवळी रेघ,
कुठल्या साबणानं जात नाही.

उरल्या तुकड्याचा एक घडा केला,
तोंड दोन बोटांचं.
आत वाकडी सळई गेली की डोळे बिनकामाचे,
फक्त ऐकायचं.
जाड असतो तोवर घडा जेवलेल्या माणसासारखा बोलतो,
पातळ होत आला की आवाज चढतो.
शेवटी आत छोटा बल्ब सोडला.
ओला फणस उजेड अडवत नाही;
अख्खा घडा पिकल्या गऱ्यासारखा पेटला,
एका जागी जरा जास्तच.
तिथं थांबले.

वाडगं पातळ काढलं होतं, इनासनं नेलं.
आज गोल आहे, मी सांगितलं,
उद्याचं मी बोलत नाही.

बाकीची चार जाड ठेवली,
दहा बोटं रुंदीला एक बोट कड.
आत मराठी पेपर, वर कन्नड पेपर,
त्यांच्याच किसात पुरून माळ्यावर.
तळाला पेन्सिलीनं तारीख, वजन.
दर शनिवारी मुल्लांच्या दुकानात
साखरेच्या आधी माझी वाडगी काट्यावर चढतात.
बाराशे चाळीस. अकराशे दहा. नऊशे नव्वद.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय मोजता?
मुल्ला म्हणतात, पाणी. चाललंय हळूहळू.

घडा तिसऱ्या रात्री तडकला.
एकदाच, तडक्.
मी उठले नाही.
सकाळी हात फिरवून पाहिला:
उजेड जास्त होता ती जागा शाबूत,
तडा गेला होता तिथं,
जिथं माझी खात्री होती.

गणपतीनंतर इनास आला, पिशवीत वाडगं.
लोंढ्याहून आणलंय, म्हणाला, फक्त दाखवायला.
रेषांच्या दिशेनं होतं तेवढंच,
आडवं मात्र बोटभर आत आलेलं.
पिवळा जाऊन चहाचा रंग चढलेला.
टेबलावर ठेवलं,
दोनदा डुललं, मग बसलं.
जावई म्हणतो घासून सरळ करून आणा.
आणि फिलू?
फिलू म्हणते, हात लावलात तर बघा.

मी वास घेतला. ताकाचा होता.
पुसलं, परत पिशवीत घातलं.

माळ्यावरचं एक अजून
शनिवारी चार ग्रॅम हलकं होतंय.