पावणेपाच

मे महिन्यात नागपुरात धावायचं
तर पावणेपाचला घर सोडावं लागते.
सव्वासहाला ऊन पाठीवर हात ठेवते,
सातला तर सरळ ढकलते.
आणि पावणेपाचला अंधार असतो.
उन्हाला टाळलं तर अंधार, अंधाराला टाळलं तर ऊन,
मधली जी अर्ध्या तासाची फट
तिच्यात माझे पाच किलोमीटर बसत नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, गच्चीवर फेऱ्या मार नं बाप्पा.
मारल्या. बावीस पावलं, टाकी.
बावीस पावलं, कपड्यांची तार.
आठवड्याभरात खालच्या उके काकूंचा निरोप आला,
पंख्याचा हूक हलते म्हणे.

म्हणून रिंग रोड. ओंकार नगरातून निघायचं,
गाड्यांच्या समोरून धावायचं, पाठीमागून कोणी नको.
एकाच कानात गाणं, तेही हळू.
चावी मुठीत, टोक बोटांमधून बाहेर.
नणंदेच्या मोबाइलवर मी एक निळा ठिपका.
ती अजनीत झोपलेली असते,
ठिपका धावत असतो.

त्या दिवशी स्कूटर समोरूनच आली.
पुढे गेली, वळली, मागून हळू झाली,
माझ्या पावलांएवढीच चालू लागली.
तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही,
माझा कागद आहे.
वय पस्तीसेक. हुकाला डब्याची पिशवी.
कोणी पोट्टा नव्हता, हे जास्त लागलं.

पाय थांबले नाहीत. धीर वगैरे नव्हे,
थांबतात कसं तेच आठवेना.
म्हाळगी नगरच्या चौकात, पिवळ्या दिव्याखाली
फुलवंताबाई खराटा मारत होत्या.
त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले
आणि वळून गाडीचा नंबर वाचला, मोठ्याने,
जसं बँकेत रोज टोकन पुकारते:
सहा. नऊ. एक. दोन.
काऊन म्हणून त्यांनी विचारलं नाही.
खराटा रस्त्यावर आडवा धरला
आणि त्याच्या तोंडाकडे पाहत
त्याही म्हणाल्या,
सहा नऊ एक दोन.

स्कूटर गेली. धुळीचा ढीग तेवढा विस्कटला.

ठाण्यात शिपाई म्हणाला,
इतक्या पहाटे जाताच कशाला मॅडम?
म्हटलं, उन्हाला विचारा.
तो हसला, लिहून घेतलं.
पेनची शाई संपत आली होती,
दोनचा आकडा नीट उमटला नाही.
मी सांगितलं, पुन्हा गिरवा.

मग जून, जुलै. नंबर डोक्यातून जाईना.
सहा-नऊ, श्वास आत. एक-दोन, बाहेर.
त्याच्या गाडीवर माझा वेग वाढला,
हे त्याला कधी कळणार नाही.

ऑगस्टात, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात
सांबाराची जुडी निवडत होते, आणि शेजारी तीच गाडी.
पुढे पाय ठेवायच्या जागेत उभी एक मुलगी, पाचेक वर्षांची.
तो रुमालाने तिचं नाक पुसत होता,
इतक्या हळू, की मला रागच आला.
मी साडीत. त्याने ओळखलं नाही.
त्या पहाटे त्याने चेहरा पाहिलाच कुठे होता.
मी म्हटलं, सहा नऊ एक दोन.

रुमाल नाकापाशीच थांबला.
मुलगी मात्र खूश:
हाव, आमच्या गाडीचा नंबर! तुम्हाला कसा पाठ?
म्हटलं, बाबांना विचार.

सांबार दहाचा पुरला असता, वीसचा घेतला.
घरी येऊन निवडताना हात थरथरत होते,
मुळं एकीकडे, पानं एकीकडे, मग सगळं एकत्रच.

आता पावसाळा. साडेपाचला निघालं तरी चालते,
गजर मी पावणेपाचचाच ठेवला आहे.
फुलवंताबाईंची बीट बदलली.
चौकात सहापर्यंत कोणी नसते.
दिवा लागतो कधी, कधी नाही.
चावी अजून बोटांमध्येच.