दिशा: अर्धा गुण

परळच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही अकराजण पेपर तपासतोय.
गठ्ठ्यावर डस्टर ठेवलंय,
तरी पंख्याने कोपरे फडफडतात.

प्रश्न दुसरा, उपप्रश्न क:
एका वस्तूवर ३ न्यूटन आणि ४ न्यूटन अशी दोन बले
परस्परांना लंब दिशेत लावली. परिणामी बल काढा.
सूत्राला एक, परिमाणाला अर्धा, दिशेला अर्धा.
पाच. पाच. पाच.
सकाळपासून इतके पाच पाहिले
की आकडा गळासारखा दिसायला लागलाय.

मग ही उत्तरपत्रिका. नाव नाही, नुसता बारकोड.
बाणांच्या जागी हातगाडी काढलीय,
चाकाला आरेसुद्धा, मोजून आठ.
एका दोरीवर लिहिलंय ‘मामा ४’,
दुसरीवर ‘मी ३’.
गोणीवर ‘मशीद बंदर’.

खाली, कच्च्या कामात:
‘तीन नि चार सात. मग दोन कुठे गेले?’

मी पान उलटणार होते.
हे कुणी विचारलं नव्हतं, याला गुण नाहीत.
पण पोराने शोधलंय.
पुढच्या दिशेने माझे १.८, मामाचे ३.२. झाले पाच.
आणि आडवे
माझे २.४ डावीकडे, मामाचे २.४ उजवीकडे.
‘म्हणजे एवढा वेळ
आम्ही एकमेकांनाच ओढत होतो.’

पाकिटाच्या पाठीवर ताळा करून पाहिला.
खरंय.

बावीस वर्षं शिकवतेय.
फळ्यावर समांतरभुज चौकोन काढते,
कर्ण खडूने दोनदा गिरवून जाड करते
आणि बाजू पुसून टाकते,
पोरांचा गोंधळ नको म्हणून.

शेवटचं उत्तर: ५ न्यूटन. खाली दोन रेघा.
दिशा लिहिलेली नाही.
अर्धा गुण गेला म्हणायचा.
खोब्रेकरबाईंच्या पर्समध्ये कोनमापक असतो.
तो मागून घेतला, गाडीच्या दांड्यावर धरला.
‘मी’च्या दोरीपासून त्रेपन्न अंश,
केसभर इकडेतिकडे.

दिला अर्धा.
मॉडरेटरने विचारलंच तर
बघू काय सांगायचं ते.

पुढची उत्तरपत्रिका.
वळणदार अक्षर, समास आखलेला,
३ + ४ = ७.
लाल पेन हातात तसाच.
‘बाई, साखर कमी ना?’ चहावाला विचारतो.
हो म्हणते,
आणि सातावर फुली मारते,
जरा हलक्या हाताने.