अकरा पूर्णांक चार

मिलन खुडे रंगाचा रिकामा डबा उपडा घालून बसला,
मांडीवर वहीएवढा पडदा,
आणि पिवळी केबल चेंबरमध्ये सोडू लागला,
थोडी थोडी, विहिरीत दोर सोडावा तशी.
"काकू, झाकण धरता जरा?"
मी एका हाताने धरलं. दुसऱ्यात रुमाल होता.

तीन महिने तळमजल्यावर आमच्या मोरीतून
पाणी उलटं येत होतं.
सकाळी साडेसातला, सगळ्यांच्या आंघोळी एकदम होतात तेव्हा,
जाळीतून आधी बुडबुडे,
मग वरच्या अकरा घरांतलं सगळं.
एकदा अख्खं तमालपत्र आलं
आणि ते कुणाकडचं, हे मी वासावरून सांगितलं होतं.

जिन्याखाली मीटिंग झाली.
गांजवे चौकाच्या आतली इमारत, सन अठ्ठ्याहत्तरची;
इथे प्रत्येक गोष्टीला कारण लागतं
आणि कारण बहुधा भाडेकरू असतो.
सात नंबरात चार मुली होत्या,
जिंतूरच्या दोन, किनवटच्या दोन,
रात्री दोनपर्यंत गॅलरीत फेऱ्या मारत
राज्यघटनेची कलमं पाठ करणाऱ्या.
"त्याच टाकत असणार," कुणीतरी म्हणालं.
काय, ते कुणी म्हणालं नाही.
मी सेक्रेटरी. माझं अक्षर चांगलं.
नोटिशीत मी 'वापरलेल्या वस्तू' असं लिहिलं.

त्यांच्यातली वैजयंता घुगे नोटीस हातात घेऊन खाली आली.
"आम्ही कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून देतो.
कचरा नेणाऱ्या ताईंना विचारा."
मी विचारलं नाही.
परीक्षेला पंधरा दिवस होते. टेम्पो आला.
चार ट्रंका, एक कुकर,
आणि पुस्तकं, पुस्तकं, दोरीने आवळलेली पुस्तकं.

पाणी येतच राहिलं.

आता पडद्यावर गोल काळोख, कोपऱ्यात आकडे.
दोन मीटर. तीन.
साबणाचा थर, शिळ्या लोण्यासारखा.
एक झुरळ उजेडाला ओलांडून आपल्या कामाला गेलं.
सहा. चिनी मातीचा पाइप, सांधा शाबूत.
मी वाकून शोधत होते,
काहीतरी पांढरं, एखादा बोळा, पुंजका,
दिसू दे, मनातल्या मनात म्हणत होते,
दिसू दे.
नऊ. काही नाही.

"माझे वडील बांबूची कामटी सारून सांगायचे," मिलन म्हणाला,
"हाताला कळायचं त्यांच्या. नाही कळलं तर
आत उतरायचे."
पुढचं तो बोलला नाही.
हेही मी विचारलं नाही.

अकरा पूर्णांक चार.
कॅमेरा बुडाला. पडदा चहाच्या रंगाचा झाला.
"पोट पडलंय पाइपाला. इथं खचलाय बघा,
पाणी साठतं नि मागं फिरतं.
वर काय आहे?"
उठून त्याने दांडीचं यंत्र फिरवलं.
ते एका जागी किरकिरलं,
तिथे त्याने खडूने फुली मारली:
नव्या फरशीच्या ठोकळ्यांवर,
अध्यक्षांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाजवळ.

ते ठोकळे मागच्या मार्चमधले.
कोटेशनवर सही माझी.
रोलर फिरला तेव्हा कपाटातले पेले किणकिणले होते,
आणि मला वाटलं होतं,
काम कसं दणदणीत चाललंय.

मिलन केबल ओढू लागला, जुन्या टॉवेलने पुसत पुसत.
नऊ. सहा. तीन. काळोख फिकट झाला,
चेंबरच्या विटा, त्यावर आभाळाचा चौकोन,
आणि चौकोनात वाकलेली एक बाई,
नाकाला रुमाल.

"शेवटचं कापू? रिपोर्टला नको असतं ते."
"राहू दे," मी म्हटलं.

सात नंबरच्या मालकांनी
मुलींची अनामत कापून भरलेले सहा हजार
मी वहीत जमा धरले आहेत,
'दुरुस्तीपोटी'.
वळणदार लिहिलंय.