सातजणी

डुलुथचं सरोवर काठापासून गोठत आलंय.
कॉन्फरन्सचा पहिला सामना शनिवारी,
आणि सरावाला उभ्या सातजणी.

सिग्नेचा गुडघा. यारेलीचं मनगट.
टॅमसिनला उजेड सोसत नाही अजून;
जिमच्या मागच्या खोलीत दिवा मालवून
ती चेंडूचे टप्पे मोजते
भिंतीपलीकडून.

दहा काही भरत नाहीत,
तेव्हा कोच हॅल्वर्सन स्वतः उतरते,
तिची सहायक, दारावरचा वॉल्ट,
आणि मी, टॉवेल धुणारा,
झाडू उंच धरून उभा:
समोरच्या संघाची सहा फूट पाच इंच सेंटर.

रेनाटा माझ्या झाडूवरून चेंडू टाकते.
आत.
टाळी कोणीच वाजवत नाही.

बाकावरून सिग्ने,
गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सरकवत:
"झाडू अजून वर घे.
ती उडी मारते."