पायऱ्यांचा आकडा

विश्वंभर चिद्रवार,
तू गेल्याचं पत्र तुझ्या पोरानं इंग्रजीत धाडलं.
मी ते पोस्टातल्या मुलीकडून वाचून घेतलं, उभ्यानंच.
मग महिन्यानं 'आउटर'चा शेवटचा अंक आला.
त्यात तुझ्यावर दोन पानं, फोटो,
आणि 'पूर्णा'ला पहिला उकार.
तू असतास तर अख्खा अंक पुन्हा छापला असतास
पदरचे पैसे घालून.

विनिपेगला साठ-सत्तर वर्गणीदार,
त्यातले निम्मे बुडवे.
तरी तीन महिन्याला अंक निघायचा,
पाच महिने बर्फ असो की काही.
असलं नाव कामून ठेवलं, मी विचारलं होतं.
तू लिहिलंस: "गाडी स्टेशनाबाहेर थांबते ना चाँदपाशा,
दिवे दिसतात, चहावाला ओरडतो ते ऐकू येतं,
उतरता येत नाही. तेवढंच."

माझी पत्रं तू तांबड्या शाईनं सुधारून परत पाठवायचास.
मी पॉइंट्समन माणूस, सातवी पास.
रूळ कुठं वळवायचा ते मला कळतं,
वेलांटी कुठं वळवायची ते तुला.
एकदा चिडून लिहिलं, अम्मा गेली,
आता त्यातबी चुका काढ.
ते एकच पत्र कोरं परत आलं, तांबडा ठिपका नाही.
फक्त समासात, शिसपेन्सिलीनं:
"त्यांच्या खट्ट्यात चिंच नेमकी असायची."

आणि तळघरात तू पूर्णा जंक्शन बांधत होतास.
मीटरगेजचं. आपण नववीत नापास झालो त्या सालचं.
काड्यापेटीच्या काड्या, खोक्यांची पातळ फळी,
तारांना वहिनींच्या जुन्या शालूची जर.
दर पत्रात तुझे सवाल:
पार्सल ऑफिसची खिडकी पूर्वेला की जरा कलती?
पाण्याच्या टाकीखाली शेवाळ होतं का, हिरवं की काळं?
पाटीवर उर्दू वर होतं की खाली?
केळीचे घड उतरवायचे तिथली फरशी कुठं फुटली होती?
मी ड्यूटी संपवून टेप घेऊन जायचो.
नायडू मास्तर म्हणायचे,
क्या मियाँ, स्टेशन खरीद रहे हो क्या?
मी म्हणायचो, खरीदनेवाला दूर है साब.

मग रुंद रूळ आले.
शेड पाडलं, जालन्याचे भंगारवाले
गॅस कटर घेऊन पंधरा दिवस मुक्कामाला.
इंजिनं वळवायचा तो गोल चबुतरा,
ज्यावर बसून तू मला पहिली सिगरेट पाजलीस,
तोही ट्रकवर चढला, किलोवर.
मी तुला लिहिलं, पूर्णा आता तुझ्याकडंच आहे, सांभाळ.
तू त्यातलं 'संबाळ' सुधारलंस.

नंतर तो एक सवाल आला.
पुलाला पश्चिमेकडून पायऱ्या किती?
पूल आठवड्यापूर्वीच कापून नेला होता.
तीस वर्षं मी तो चढलो उतरलो,
हातात कंदील, डोक्यावर पाऊस, एकदा तर ताप,
पायाला मालूम होतं, मला नव्हतं.
लिहिलं, अडतिस.
नुसतं ठोकून दिलं, भाऊ.
'मला माहीत नाही' लिहायला लाज वाटली.

तुझं उत्तर आलं:
"मला एकोणचाळीस आठवतात.
पण तू तिथला. तू म्हणतोस तेच खरं.
लावलेली एक काढली आज."
आणि खाली तांबड्यात, 'अडतीस', दुसरी वेलांटी.
ज्यानं आयुष्यभर कुणाची मात्रा सोडली नाही
त्यानं माझी थाप छापून टाकली.

आता पोरगा विचारतो, तळघरातल्या सामानाचं काय करू?
पोस्टातली मुलगी पेन उघडून बसलीय.
मी सांगतोय, लिही बाई:
काय करायचं ते कर बाबा,
पण पुलाला, पश्चिमेकडून, एक पायरी कमी असंल.
कुठल्या तरी डबीत सापडते का बघ.
तुझा बाप काही फेकत नव्हता.