सोमवार, हडफडे

घसरगुंडीवरून निथळत आलेली शाल्मली विचारते,
आज मला काय चालतं?

बटाट्याचे काप? त्याच तेलात
रव्यातले बांगडे तळलेत.
एकाच कढईत आमचे दोन्ही नकार.
पाव नाही, पॅटिस नाही.
सांबारही नाही: हिंगात कणीक असते,
हे मी काउंटरवर तिसऱ्यांदा सांगतो.
मागे रांग, ओल्या पायांची.

आतून शेवंती येते, हात पुसत.
"आज सोमार. म्हजोय डबो शिवराक."
उकड्या तांदळाचा भात, मुगागाठी.
"हिंग?"
"ना रे बाबा."

शाल्मली खाते, केसांतून क्लोरीनचं पाणी ठिबकतंय भातात.
मी सवयीनं झाकण उलटून घटक वाचायला जातो;
कोरलेलं असतं फक्त नाव, आणि लग्नाची तारीख.

काउंटरमागे शेवंती उभ्यानंच
चहात पाव बुडवते.