वरचा एक

मरे टॉलंड. नाव मरे, पण माणूस खणखणीत;
सोहार बंदरात क्रेनखालून हाक मारली
की जहाजावरचे खलाशीसुद्धा वळून बघायचे.
मार्चमध्ये माझ्या स्टोअरच्या काउंटरवर त्यानं
एक चेंडू ठेवला. चेंडू कसला, असोला नारळ.
म्हणाला, ह्याचा टप्पा पडला की कुठं उडेल
ते देवालाही ठाऊक नसतं, मुकादम. म्हणून बघायचं.

मग बोल्टांच्या खोक्यावर चार नट उभे केले:
मधल्या दोघांतून गेला तर सहा,
कडेच्या फटीतून गेला तर एक.
म्हणजे नेम चुकल्याचा?
हो, चुकल्याचा.
मी हर्णैचा. आमच्याकडं चुकल्याला
शिव्या मिळतात. एक कुणी देत नाही.

शनिवारी सकाळी पावणेआठला तिकडं दुपार असायची.
मरेच्या खोलीत पराठा, करक चहा,
आणि तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचे अठरा जण
जे मला अजून सारखेच दिसायचे.
रजिस्टरच्या मागच्या पानांवर
आवक, जावक, शिल्लक असे रकाने होतेच,
त्यांत मी गोल भरायला लागलो.
बारा सक बहात्तर, वरचे अकरा, त्र्याऐंशी.
समोरच्यांचे एकशे सात.
दोन वर्षांसाठी आलो होतो ओमानला. एकोणीस झाली.
शाळेतला पाढा असा कामाला आला.

मे महिन्यात मरेचं कंत्राट संपलं.
जाताना मला लोकरीचा मफलर दिला.
सोहारमध्ये. मे महिन्यात.
आणि पासवर्ड: सोडून गेलेल्या बायकोचं नाव,
पुढं एक-दोन-तीन.

जून. साडेबारा ते साडेतीन बाहेरचं काम बंद.
लोखंडाला हात लावला तर कातडी सोडत नाही
आणि फोनमध्ये पाऊस.
चिखलात घसरणारी पोरं, तोंडातून वाफ,
कानटोप्या ओढून बसलेल्या म्हाताऱ्या.
मी एसी सोळावर आणून
मफलर गुंडाळून बसायचो.
खोलीतला नसीर बलोच विचारायचा, ताप आला का?
ताप नाही रे. ओळीनं सहावा पराभव.

नझमीन फोनवर म्हणायची, हरले का तुमचे ते?
जुलैत एकदा म्हणाली, आपले हरले?
मी काही बोललो नाही.
तो शब्द तसाच राहू दिला.

मरेला मेसेज केला: एकोणतीस नंबरचं पोरगं सुधारतंय.
चार दिवसांनी उत्तर आलं:
मी बघणं सोडलं, मुकादम. काळीज पोखरतात.
शनिवारी मासे धरायला जातो.
असा राग आला!
पोर माझ्या मांडीवर ठेवून
हा आपला गळ टाकून बसलाय.

ऑगस्ट. शेवटची मॅच.
भोंगा वाजून गेलेला, चौऱ्याहत्तर-चौऱ्याहत्तर,
आणि चेंडू एकोणतीस नंबरच्या हातात.
गुडघ्याला पट्टी, एक मोजा घोट्यावर आलेला.
तिकडं चाळीस हजार माणसं.
इकडं नसीर, कॅफेटेरियाचा शाजी, मी,
आणि बशीत निवत चाललेला एक पराठा.

त्यानं मारला. वाकडा गेला.
सरळ सरळ वाकडा, कडेच्या फटीतून.
शाजीनं कपाळावर हात मारला.
मी खुर्चीवर उभा होतो:
दहा सक साठ, वरचे चौदा होते,
आता पंधरा, अरे पंधरा!
मैदानात पोरं त्याच्या अंगावर कोसळली
आणि तो तोंड झाकून रडत होता,
चुकलं म्हणून की जिंकलं म्हणून, कोण जाणे.

मरेला फोन लावला. वाजत राहिला. समुद्रावर असेल.
मग हर्णैला लावला. नझमीन सुकट निवडत होती.
सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे पोरानं चुकवलं, तरी?
तरी.
बराच वेळ नुसता तिकडचा पंखा ऐकू येत होता.
मग: कितवे आलो आपण?
सोळावे. अठरांपैकी.
बरं, ती म्हणाली,
मार्चपर्यंत त्या मफलरला डांबरगोळ्या घालून ठेवा.